मदत हवी आहे : चारशे बायकांच्या फौजेत दिवस कुणाला जातात?

भुईकोटकर : मंडळी, अर्जंट आहे. काल्पनिक राज्याची कादंबरी लिहितोय, अकरा प्रकरणं झालीत. काल बायकोला वाचायला दिली. कडक भाकरी मोडता मोडता म्हणाली, "अवो, तीन वर्षं मोहिमेवर आहेत, अन् एकीलाही दिवस नाहीत?" तेव्हापासून एक ओळ सुचेना. दिवस जाऊ नयेत म्हणून एखादी मुळी सांगा. रविवारी प्रकरण संपवायचंय.

शंकासूर : फौजेत पुरुष आहेत का? लग्नाची मुभा? जादू चालते? काहीच सांगितलं नाही आणि थेट मुळी!

भुईकोटकर : पुरुष आहेत म्हणूनच तर विचारतोय ना! जादू नाही.

जुनी_नाणी : सिल्फियम. दिवस जाऊ नयेत म्हणून वापरत असं म्हणतात. उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनी या जुन्या ग्रीक शहराच्या नाण्यांवर हे झाड असायचं. इतकं उपसलं की रोमन काळात दिसेनासं झालं. रोमन लेखक प्लिनी लिहितो, त्याच्या हयातीत एकच देठ सापडला, तो नीरो बादशहाला पाठवला. तुमची मुळीही अशीच संपत आणा, मोहीमच लटकेल.

ओपीडीनंतर : नाण्यावर छापलं म्हणजे गुण येतो असं नाही, ते मसाला म्हणूनही खात. एबर्स पपायरस या प्राचीन इजिप्तच्या वैद्यक ग्रंथात बाभूळ, खजूर, मध यांचा आत ठेवायचा बोळा सांगितलाय. हमखास काहीच नव्हतं. चारशेंत काहींना दिवस जाणारच, त्या कुठं गेल्या ते लिहा.

सत्तरफूट_रोड : पपई द्या की बे.

ओपीडीनंतर : पिकल्या पपईनं काही होत नाही. हे वाचून कुणी घरी प्रयोग करू नका.

जुनी_नाणी : पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याच्या स्त्री-सैनिक राजाच्या बायका मानल्या जात, परपुरुषाला मज्जाव. १८९० च्या दशकात फ्रेंचांशी लढल्या. नियम करा, मुळी कशाला?

सुधारक : र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, आणि आपण अजून मुळ्या उगाळतोय!

भुईकोटकर : साहेब, माझ्या राज्यात अजून रबर नाही.

सत्तरफूट_रोड : नाव भुईकोटकर आणि चांदबिबी आठवेना? सोलापूरचा भुईकोट किल्ला तिच्या आंदणात आदिलशहाकडे गेला होता. तिला मूल नव्हतं.

शंकासूर : त्याचा इथं काय संबंध?

सत्तरफूट_रोड : संबंध नाही. माहिती आहे.

भुईकोटकर : बरं, एक राहिलंच. सेनापतीण निघते तेव्हा तिचं बाळ चार महिन्यांचं असतं.

ओपीडीनंतर : हे आता सांगताय! बाळ निव्वळ अंगावर पीत असेल आणि पाळी आली नसेल, तर सहा महिन्यांचं होईस्तोवर दिवस जाण्याची शक्यता शंभरात दोनहून कमी. म्हणजे एकीचे दोन महिने सुटले. तिचेच चौतीस बाकी. बाळ तिच्याजवळच आहे ना?

भुईकोटकर : नाही हो, दाईकडे. दुसऱ्या प्रकरणातच दिलंय.

शंकासूर : मग तिसऱ्यात दाईला पळवा.