पासवर्ड बरोबर, तरी दोघांचंच लॉगिन होत नाही (पीएचपी)

प्रश्न
तीन दिवस इथेच अडकले आहे. सभासदांसाठी छोटी साइट लिहिली आहे, पीएचपी ८.२ आणि मायएसक्यूएल. सगळे आत येतात, फक्त दोघांना येता येत नाही. त्यांनी 'पासवर्ड विसरलात?' मधून नवा पासवर्ड ठेवला, तरी तेच.

नोंदणीच्या आणि रीसेटच्या पानावर फॉर्ममधून आलेली प्रत्येक गोष्ट मी 'साफ' नावाच्या माझ्या फंक्शनमधून काढते. त्यात ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढतं), मग स्ट्रिप_टॅग्ज (एचटीएमएलचे टॅग काढतं), मग एचटीएमएलस्पेशलचार्स (खास चिन्हांचे एचटीएमएल संकेत करतं). त्यानंतर पासवर्ड_हॅश, म्हणजे पासवर्डाऐवजी त्याचा उलगडता न येणारा ठसा (हॅश) साठवते. लॉगिनच्या पानावर मात्र आलेला पासवर्ड थेट पासवर्ड_व्हेरिफायला देते, ते तो साठवलेल्या हॅशशी जुळवून बघतं. हॅशचा कॉलम २५५ अक्षरांचा आहे, म्हणजे तो कापला जात नाही.

एकीच्या पासवर्डात < आहे आणि दुसऱ्याच्या & आहे, असं विचारल्यावर कळलं. संबंध असेल का?

प्रतिसाद १
आहे. लॉगिनलाही 'साफ' लावा. दोन्हीकडे सारखं झालं की जुळेल.

प्रतिसाद २
कृपया तसं करू नका. जुळेल खरं, पण खातं उघडं पडेल.

स्ट्रिप_टॅग्जला < दिसला आणि त्याच्यापुढे मोकळी जागा नसली, की ते टॅग सुरू झाला असं समजतं. पुढे > आलाच नाही तर उरलेलं सगळं टाकून देतं. समजा पासवर्ड 'मोर<पाऊस७७' आहे. हॅश होतो फक्त 'मोर'चा! म्हणजे आजही तुमच्या त्या सभासद बाईंचं खातं < च्या आधीच्या तुकड्यावर उघडत असणार. त्यांना तेवढाच भाग टाकून बघायला सांगा. & चं वेगळं: एचटीएमएलस्पेशलचार्स त्या एका चिन्हाची पाच करतं, म्हणून हॅश भलत्याच मजकुराचा होतो.

पासवर्डाला हातच लावायचा नाही, ट्रिमसुद्धा नाही. तो कुठे छापला जात नाही आणि क्वेरीत जातो तो हॅश. क्वेरीसाठी पीडीओची (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, म्हणजे क्वेरी आणि त्यात जाणारा मजकूर वेगवेगळे राहतात. एचटीएमएलस्पेशलचार्स नाव पानावर दाखवताना लावा, साठवताना नाही. 'इनपुट साफ करा' हे एवढ्या ठिकाणी मोघम शिकवलं जातं की त्याचा मला मनापासून राग येतो. ज्या जागी मजकूर जाणार, त्या जागेप्रमाणे काळजी घ्यावी लागते.

एक तपासणी मात्र घाला: आलेली किंमत स्ट्रिंगच (साधा मजकूर) आहे ना. फॉर्ममधल्या नावापुढे कुणी [] जोडून पाठवलं तर ॲरे (किमतींची यादी) येतो, आणि पीएचपी ८ मध्ये पासवर्ड_व्हेरिफाय तिथेच टाइपएरर देऊन थांबतं.

प्रश्नकर्ती
बाईंनी आत्ता करून पाहिलं. < च्या आधीची चारच अक्षरं टाकली आणि आत गेल्या. अंगावर काटा आला. नोंदणी आणि रीसेट दोन्हीकडून 'साफ' काढलं, दोघांनी पुन्हा रीसेट केलं, आता पूर्ण पासवर्डानेच खातं उघडतं. बाकीच्यांचे जुने हॅश बदलावे लागतील का?

प्रतिसाद २
पूर्ण पासवर्ड टाकून जे आत येतायत त्यांचा हॅश ठीक आहे. ज्यांचा बिघडला असेल ते अडतील आणि रीसेट करतील. पण महिनोन् महिने लॉगिन न केलेल्यांचा तोकड्या पासवर्डाचा हॅश तसाच पडून राहील, त्यांना मेल पाठवून आत्ताच रीसेट करायला लावा.

प्रतिसाद ३
देवनागरीत पासवर्ड ठेवू देत असाल तर आणखी एक. बीक्रिप्ट (पासवर्ड_हॅश वापरतं ती हॅशची पद्धत) पहिले ७२ बाइटच धरतं आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. एकट्या 'क्षि'चे १२ होतात. म्हणजे २४ चिन्हांपुढचं काहीच मोजलं जात नाही. पीएचपीचं स्ट्रलेन फंक्शन बाइट मोजतं, ७२ च्या वर गेलं की नोंदणीतच तसं सांगा.

आणि वापरकर्तानावातला 'ऱ' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकच चिन्ह, किंवा र आणि नुक्ता (खालचा टिंब). दिसायला सारखे, बाइट वेगळे. नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी नॉर्मलायझर (अशी रूपं एकसारखी करणारा पीएचपीचा क्लास) चालवा.

प्रश्नकर्ती
माझ्या यादीत एका आडनावात 'ऱ्हा' आहे. आज तेच तपासते.