मदत हवी आहे: क्रोएशियात समुद्रकाठाने गाडीने, सासू-सासऱ्यांसह

नमस्कार मंडळी,

गणपती उठले की सप्टेंबरच्या शेवटी दहा-अकरा दिवस क्रोएशियाला जायचं घाटतंय. आम्ही पाच जण: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासू-सासरे. सासरे सत्तरीला टेकलेत, पण अजून गड चढतात. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात आणि त्या पक्क्या शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही. टूर कंपनीच्या बसने जायला दोघंही तयार नाहीत. "सकाळी सहाला बॅगा खोलीबाहेर ठेवा" हे एकदा ऐकून झालंय, ते पुरे म्हणतात. म्हणून गाडी भाड्याने घ्यायचा विचार.

इस्तंबूलमार्गे झाग्रेबला उतरायचं इतकं नक्की आहे. पुढची यादी अशी: प्लिट्वित्से, झादार, शिबेनिक, क्र्का, त्रोगिर, स्प्लिट, ब्राच आणि ह्वार बेटं, माकार्स्का, कोर्चुला, दुब्रोव्निक, जमलं तर माँटेनेग्रोतलं कोतोर. आणि परत झाग्रेब. यादी लिहून झाल्यावर माझा मलाच संशय आला, म्हणून हा धागा.

गाडी आम्ही दोघंही चालवतो. वरंधा, आंबेनळी, दापोली ते गुहागरचा किनारा हे सगळं पावसाळ्यातही केलंय, त्यामुळे वळणांची भीती नाही. उजवीकडून चालवायची मात्र आहे. समुद्रकाठचा रस्ता पहिल्यांदा चालवणाऱ्याला कितपत जड जातो? ऑटोमॅटिकच घ्यावी का? पाच माणसं आणि सामान म्हणजे सात सीटची लागेल का?

दुसरं म्हणजे नेउम. स्प्लिटहून दुब्रोव्निकला जाताना मध्ये बोस्नियाची पट्टी लागते, दोन वेळा सीमा ओलांडावी लागते, असं काही प्रवासवर्णनांत वाचलं. काहींत त्याचा उल्लेखच नाही. आमचा व्हिसा सिंगल एंट्री, म्हणजे एकदाच आत शिरू देणारा, आला तर तिथे अडकू का?

आणि खाणं. इंटरनेटवर क्रोएशियाचं जेवण म्हणून शोधलं की मासे, कालवं आणि काळा भात दिसतो. तो भात कशाने काळा होतो हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

म्युनिककर

आम्ही इथून ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया करत उन्हाळ्यात खाली उतरतो, अर्धं जर्मनी तेच करतं. तुमची यादी बघून दम लागला. निम्मी करा.

आधी नेउम. तुम्ही वाचलेली वर्णनं जुनी आहेत. २६ जुलै २०२२ ला पेल्येशाक द्वीपकल्पावर नेणारा पूल सुरू झाला. चांगला २,४०४ मीटर लांब आहे, टोल नाही. त्यावरून गेलात की क्रोएशियाच्या बाहेर पडायची वेळच येत नाही. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो. ज्या लेखात "कुना" हे जुनं चलन दिसेल तो व्हिसा, सीमा आणि खर्चासाठी वाचूच नका. नकाशावर रस्ता लावताना मात्र मधला थांबा म्हणून पूल टाकून ठेवा, म्हणजे ॲप तुम्हाला नेउमकडे वळवणार नाही. सिंगल एंट्रीवर बोस्नियात शिरलात तर परत यायची पंचाईत.

ही पट्टी तिथे का आहे हे तुमच्या सासऱ्यांना आवडेल. दुब्रोव्निकचं जुनं प्रजासत्ताक व्हेनिसला इतकं टरकून होतं की १६९९ च्या तहात त्यांनी आपल्याच किनाऱ्याचा हा तुकडा तुर्कांना देऊन टाकला, मध्ये भिंत म्हणून. व्हेनिस गेलं, तुर्क गेले, तुकडा बोस्नियाकडे राहिला.

आता माझा मुख्य मुद्दा: उत्तरेकडून दक्षिणेकडे चालवा आणि झाग्रेबला परत येऊ नका. तिकडे गाडी उजवीकडून. स्प्लिटहून दुब्रोव्निककडे जाताना समुद्रही उजव्या हाताला. म्हणजे तुमची लेन पाण्याच्या बाजूची, आणि फोटोसाठी थांबायच्या जागा समोरच्या वाहतुकीला न छेदता मिळतात. उलट दिशेने आलात तर डोंगराच्या कपारीला चिकटून यावं लागतं आणि प्रत्येक थांब्याला डावीकडे वळण घ्यावं लागतं, तेही मागे मोटारसायकली भुणभुणत असताना. गाडी दुब्रोव्निकला सोडा आणि विमान तिथूनच इस्तंबूलला पकडा. गाडी एकीकडे घेऊन दुसरीकडे सोडायचे जादा पैसे लागतात, पण परतीचं पेट्रोल, टोल आणि वाया जाणारा दिवस धरला तर ते परवडतात.

एसटीची खिडकी

म्युनिककरांच्या दिशेला अनुमोदन, फक्त एक पुरवणी. उजवीकडच्या खिडकीत बसणाऱ्याला काही ठिकाणी खाली थेट पाणीच दिसतं. सासूबाईंना उंचीचा त्रास असेल तर डावीकडे बसवा.

रस्त्याबद्दल: झाग्रेब ते स्प्लिट ए-१ महामार्ग आहे, साधारण चारशे किलोमीटर, उत्तम. शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना कार्डाने किंवा रोख पैसे. 'ईएनसी' लिहिलेल्या रांगेत शिरू नका, ती त्यांच्या फास्टॅगवाल्यांची. पहिल्या दिवशी हात बसवायला हाच रस्ता चांगला. किनाऱ्याचा जुना रस्ता म्हणजे डी-८, 'यादरान्स्का मागिस्त्राला'. जायला-यायला एकेकच लेन, बाजूला पट्टी जवळजवळ नाही, पण डांबर आणि कठडे चोख. आंबेनळी चालवलेल्या माणसाला वळणं काहीच नाहीत. जड जातं ते दुसरंच: मागचा माणूस चिकटून येतो, हॉर्न मात्र वाजवत नाही. जागा दिसली की बाजूला घ्या, जाऊ द्या त्याला. वेगमर्यादा गावात ५०, बाहेर ९०, महामार्गावर १३०. कॅमेरे आहेत. दंड गाडीवाल्या कंपनीमार्फत घरी येतो, वर त्यांचा हाताळणी खर्च.

संपूर्ण डी-८ चालवायचा हट्ट नको. स्प्लिट ते माकार्स्का हा साठेक किलोमीटरचा तुकडा सगळ्यात देखणा: ओमिशला चेतिना नदी खडकातून समुद्रात येते, पुढे ब्रेलाचे पाइनखालचे किनारे आणि डोक्यावर बियोकोवोचा पांढरा डोंगर. तिथून तसंच प्लोचेपर्यंत काठाने जा. स्प्लिटच्या उत्तरेला महामार्ग घ्या, वेळ वाचवा.

कोकणकडा

गाडी: ऑटोमॅटिकच. डाव्या बाजूला स्टिअरिंग, उजव्या हाताने गिअर आणि चढावरचा सिग्नल हे सगळं एकदम कशाला? पण तिकडे ऑटोमॅटिक कमी असतात आणि महाग असतात, लवकर बुक करा. सात सीटची घेऊ नका. तिसरी रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही आणि जुन्या गावांच्या गल्ल्यांत ती वळत नाही. पाच जणांना स्टेशन वॅगन, आणि प्रत्येकी एक मध्यम बॅग. लेकीच्या उंचीप्रमाणे बूस्टर सीट लागेल, बुकिंग करतानाच मागा.

कागदपत्रं: आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडून, सारथी पोर्टलवर अर्ज, मुदत एक वर्ष. दोघंही चालवणार असाल तर दोघांचा काढा आणि दुसऱ्या चालकाचं नाव करारात घाला. मूळ परवाना बरोबर हवाच. काउंटरवर अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवतात आणि ते कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. नवऱ्याच्या नावाने बुकिंग आणि कार्ड तुमचं, असं करू नका. गाडी घेताना चारही बाजूंचा, चाकांच्या रिमचा आणि काचेचा व्हिडिओ काढा, काउंटरवाला कितीही घाईत असला तरी.

व्हिसा: सगळा मुक्काम क्रोएशियात म्हणजे अर्जही क्रोएशियाचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. फी प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. कोतोर हवंच असेल तर अर्जातच मल्टिपल एंट्री मागा. माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही, तिकडे गेलात की बाहेर पडल्याची नोंद होते. गाडी सीमेपलीकडे न्यायला कंपनीची लेखी परवानगी आणि वेगळे पैसे लागतात. मी तरी कोतोर गाळलं असतं. हंगामात त्या सीमेवर रांगेत उभं राहून खाडीचा आनंद आधीच संपतो.

शेवंती

खाण्याचं मी सांगते, आमच्याकडेही एक अंडं न खाणारी सासू आहे.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. किनाऱ्यावर घरोघरी 'अपार्तमानी' अशा पाट्या दिसतील. मुगाची डाळ, मेतकूट, पोहे आणि छोटा कुकर न्या, रात्रीची चिंता मिटली. तांदूळ, दही, भाज्या तिकडे मिळतात. मात्र रविवारी बहुतेक दुकानं बंद. २०२३ पासून तसा कायदाच आहे, दुकानाला वर्षातले १६ रविवारच उघडता येतं. शनिवारी दूध-भाजी भरून ठेवा.

बाहेर खाताना: ओमिशजवळच्या पोल्यित्सा भागातला 'सोपारनिक' शोधा. दोन पातळ पोळ्यांमध्ये चार्डची पालेभाजी भरून निखाऱ्यावर भाजतात, वरून लसूण आणि ऑलिव्ह तेल. सासूबाई त्याला पराठा म्हणून मोकळ्या होतील. स्प्लिटच्या भाजी बाजारातही मिळतो. 'ब्लित्वा' म्हणजे तीच भाजी बटाट्याबरोबर, जवळजवळ प्रत्येक खानावळीत. बेकरीत चीजचा बुरेक, पण तळाला डुकराची चरबी नाही ना, हे विचारा. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही, मासा त्यात धरत नाहीत. "बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया", म्हणजे मांस, मासे, अंडं नको, हे कागदावर लिहून दाखवा. आणि काळा भात माकुळाच्या शाईचा असतो, सांगून टाका त्यांना एकदाचं.

किनारे दगडगोट्यांचे आहेत, वाळू विसरा. पाण्यात समुद्री साळू असतात, त्यांचे काटे तळव्यात मोडतात. सगळ्यांना रबरी बूट इथूनच घ्या. सप्टेंबरअखेर पाणी अजून पोहण्याजोगं असतं.

भूगोलाचा तास

प्लिट्वित्से आणि क्र्का ही दोन्ही धबधब्यांची राष्ट्रीय उद्यानं कशाला? लेकीला पोहायला म्हणून क्र्का धरलं असेल तर स्क्रादिन्स्की बुकच्या धबधब्याखाली २०२१ पासून पोहायला बंदी आहे. प्लिट्वित्सेत तर नाहीच. प्लिट्वित्से ठेवा: सोळा तळी, एकातून दुसऱ्यात पाणी उतरतं, फळ्यांच्या वाटेने चालायचं. उद्यानातल्या बस आणि बोटीमुळे सासूबाईंचं चालणं कमी करता येतं. तिकिटावर वेळ असते, आधी काढा.

हवामानाचं: 'बुरा' नावाचा वारा डोंगरावरून समुद्राकडे कोसळतो. जोर हिवाळ्यात, पण चुकून लागला तर वेलेबित डोंगराखालचा महामार्गाचा पट्टा मोठ्या गाड्यांना, कधी सगळ्यांनाच बंद होतो. त्यामुळे प्लिट्वित्से ते झादारच्या दिवशी संध्याकाळी काही महत्त्वाचं ठेवू नका.

म्युनिककर

भूगोलाचा तास, क्र्काला इतकं हिणवू नका, बोटीने स्क्रादिनहून जाणं सुंदर आहे. पण या मंडळींसाठी एकच, हे मान्य.

बेटांबद्दल: ह्वार, ब्राच दोन्ही सोडा. गाडी बोटीवर चढवायच्या रांगेत अर्धा दिवस जातो. त्याऐवजी पेल्येशाकवर ओरेबिचला राहा, गाडी तिथेच ठेवा आणि प्रवासी बोटीने कोर्चुलाला जा. ती थेट जुन्या गावाशी लागते. गाड्यांची फेरी लागते दोमिंचेला, तिथून गाव दोनेक किलोमीटर लांब.

शिबेनिकची पायरी

दुब्रोव्निकबद्दल कुणी बोललं नाही. जुन्या शहरात गाडी जात नाही, आजूबाजूचं पार्किंग डोळे पांढरे करतं. पोचल्याच्या दिवशीच गाडी परत करा. राहायला तटबंदीच्या आत नको, तिथली घरं पायऱ्यांवर टांगलेली. लापाद किंवा ग्रुझला राहा, जुन्या शहराच्या पिले दरवाजापर्यंत सिटी बस आहे. तटबंदीवरची फेरी १,९४० मीटर आहे, तिकीट चाळीस युरोंच्या आसपास, सावली नाही, पायऱ्या भरपूर. सासरे, नवरा आणि लेक सकाळी उघडता उघडता वर जाऊ देत. तुम्ही दोघी केबल कारने स्र्ज डोंगरावर जा, तटबंदीचा फोटो तिथूनच चांगला येतो.

धागाकर्ती

बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार! रात्री जेवताना नकाशा पसरून बसलो होतो. नवी आखणी अशी: प्लिट्वित्से एक रात्र, झादार दोन (शिबेनिकचं दगडी कॅथीड्रल वाटेत), स्प्लिट दोन, ओरेबिच दोन, दुब्रोव्निक तीन. क्र्का, ह्वार, ब्राच, कोतोर बाद. कोतोरसाठी नवरा जरा हळहळला, पण सिंगल एंट्रीचा घोर गेला. सासऱ्यांनी १६९९ चा तह वाचायला घेतलाय. सासूबाईंनी काळ्या भाताचं ऐकून फक्त "बरं" म्हटलं आणि कुकरचं झाकण बॅगेत बसतं का ते बघायला गेल्या.

एकच राहिलं: स्प्लिट ते ओरेबिचच्या दिवशी स्तोन बघता येईल का? नकाशावर बाजूला दिसतंय.

म्युनिककर

त्या दिवशी नको. पूल उतरल्यावर ओरेबिच एका बाजूला, स्तोन दुसऱ्या. ओरेबिचहून दुब्रोव्निकला निघाल त्या दिवशी ते वाटेवरच आहे. चौदाव्या शतकातली तटबंदी आणि मिठागरं बघा. भिंत चढायची नसेल तर खालून पुरते. त्याआधी स्प्लिटहून येताना नेरेत्वा नदीच्या मुखाशी रस्त्याकडेला फळांच्या टपऱ्या लागतील, सप्टेंबरअखेर तिथली पहिली मँडरिन संत्री यायला लागतात. सुटे युरो हाताशी ठेवा.

कोकणकडा

ऑटोमॅटिक स्टेशन वॅगन या आठवड्यातच धरा, मोफत रद्द करता येईल अशी. आणि झाग्रेबला विमान रात्री उशिरा पोचणार असेल तर गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. रात्रभरच्या प्रवासानंतर अंधारात उजवीकडून चालवायला सुरुवात करू नका.