बोटीवर बार्बेक्यू : कोळसा, गॅस की नादच सोडू? (बजेट ८०००)

आडवापाडवा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक सेकंडहँड बोट घेतलीय. २४ फुटी, फायबरची, मागे पेट्रोलचं आउटबोर्ड इंजिन. गेटवेसमोर अपोलो बंदरला मुरिंगवर (पाण्यातल्या बोयाला बांधून) असते. डिसेंबरात एका रविवारी घरच्यांना घेऊन मांडव्याच्या बाजूला जायचं, नांगर टाकायचा आणि बोटीवरच बांगडे-कोलंबी भाजायची असा बेत आहे. सासूबाई शाकाहारी, त्यांचं पनीर वेगळ्या जाळीवर. पोराटोरांसकट सात जण.

घरी कोळशाची छोटी शेगडी आहे, पण ती फायबरवर ठेवायला हात धजत नाही. तर कोळसा की गॅस? ग्रिल बोटीवर नक्की कुठे लावायचं? आग विझवायला काय ठेवायचं? बजेट सगळं मिळून आठ हजार, तिघांचा मामला असल्याने वर जाणार नाही. 'करूच नका' हा सल्ला बायकोने आधीच दिलाय, तो सोडून बोला.

हौशी_दर्यावर्दी
अभिनंदन! पेढे कधी? आता मुद्दा. आठ हजार विसरा. रेलिंगला क्लॅम्पने बसणारं मरीन गॅस ग्रिल घ्या, बोटीच्या बाहेर लटकतं, तेल गळलं तरी समुद्रात. मी बाहेरून मागवलं, कस्टम ड्युटी धरून चाळीसच्या पुढे गेलं, पण ३१६ ग्रेडचं स्टील आहे. आपल्याकडे मिळतं ते ३०४, खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात तांबूस ठिपके धरतं. एकदाच घ्या, चांगलं घ्या. फोटो टाकतो संध्याकाळी.

शंकासुर
चाळीस हजारांत आख्खं वर्ष मालवणी हॉटेलात बांगडे खाऊन होतील. असो. बोट मेरीटाइम बोर्डाकडे नोंदवलीय ना? विम्याच्या पॉलिसीत उघड्या आगीबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आमच्या ओळखीच्या एकाचा दावा याच कारणावरून अडकला, कंपनीचं नाव घेत नाही.

ठिणगी
कोळसा नको, एवढंच सांगते. आमच्या दिरांनी मागच्या बाजूला कोळशाची शेगडी मांडली होती. शेजारून एक स्पीडबोट गेली, लाट आली, शेगडी हलली आणि दोन निखारे उडाले. एक पाण्यात गेला, दुसरा वरच्या कापडी छतावर. नायलॉन जळत नाही आधी, वितळतं. वाटीएवढं भोक कडा आक्रसत परातीएवढं झालं. खाली माणूस असता तर ते गरम थेंब अंगावर. छत गुंडाळल्याशिवाय ग्रिल पेटवायचंच नाही, गॅस असो की कोळसा.

सुगरण_गिरगाव
माशाला मॅरिनेशन काय लावणार आहात? बांगड्याला चिरा देऊन हळद-मीठ-आगळ, बास. दही लावाल तर जाळीला चिकटेल.

हौशी_दर्यावर्दी
ठिणगीताईंशी सहमत, म्हणून तर रेलिंगचं घ्या म्हणतोय.

निवृत्त_इंजिनरूम
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

गॅस म्हणजे सुरक्षित, हे डोक्यातून काढा. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून आपण तो बाहेर घालवतो. बोटीला खाली दार नसतं. गॅस फटीफटीतून उतरतो, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळातल्या पोकळीत, जाऊन बसतो आणि वर बसलेल्यांना वास येईलच असं नाही. मग कुणीतरी बिल्ज पंप चालू करतो, स्विचमध्ये ठिणगी पडते. पेट्रोलची वाफही तशीच जड, ती आधीच तुमच्या बोटीत आहे.

त्यामुळे सिलिंडर केबिनमध्ये नाही, सीटखालच्या कप्प्यातही नाही. कॉकपिट (बसायची खोलगट जागा) म्हणजे वाडगा, त्यातही नाही. उघड्या डेकवर, उभा, दोरीने आवळून. आडवा केलात तर गॅसऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये येतो. खोक्यात ठेवायचा असेल तर खोक्याच्या तळाला भोक आणि ते थेट बोटीबाहेर निघालं पाहिजे. नळी आयएसआय मार्कवाली सुरक्षा होज, तिचीही मुदत पाच वर्षं असते, नळीवर छापलेली तारीख बघा. प्रत्येक वेळी जोडणीवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर तो दिवस रद्द. बंद करताना आधी सिलिंडरची कळ, मग नळीतला उरलेला गॅस जळू द्यायचा, मग बर्नर.

इंडेनचा पाच किलोचा छोटू मिळतो. घरचा १४.२ किलोचा आणायचा विचारही नको.

शंकासुर
मुंबईकरांना आगीचं शिकवायला नको खरं तर. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, 'फोर्ट स्टिकीन' जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. अग्निशमन सेवा दिन त्या दिवशीच पाळतात.

ठिणगी
अहो ते बांगडे भाजतायत, दारूगोळा नाही!

शंकासुर
तिथेही आधी नुसता धूरच दिसला होता. हलके घ्या.

वॅटमीटर
इलेक्ट्रिक ग्रिल का नाही? ज्वाळा नाही, कटकट नाही. आम्ही गच्चीत वापरतो, १८०० रुपयांत आलं.

निवृत्त_इंजिनरूम
वॅट किती?

वॅटमीटर
२०००.

निवृत्त_इंजिनरूम
१२ व्होल्टच्या बॅटरीवर म्हणजे १६५ अँपिअरच्या वर, इन्व्हर्टरची गळती वेगळी. १०० अँपिअर-अवरची बॅटरी अर्धा तासही तग धरणार नाही. पहिला बांगडा होईल आणि परतीला इंजिन स्टार्ट होणार नाही.

वेसावकर
आमचे बोटींवर रोज रांधतात, पण वाऱ्यावर उघडं कोणी नाय रांधत. आजोबांच्या वेळी लाकडी खोक्यात माती-वाळू भरून त्यावर चूल असायची, आता गॅस. शेगडीला चारी बाजूंनी लोखंडी कठडा, टोप हलला तरी सुटत नाय.

आता जागेचं. पुस्तकवाले सांगतील नांगर टाकला की नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे होते, मग मागच्या टोकाला ग्रिल लावा, धूर-ठिणगी मागे जाईल. मुंबईच्या खाडीत ते अर्धंच खरं. इथे पाण्याला ओढ आहे. उधाणाला बोट वाऱ्याचं ऐकत नाय, पाण्याचं ऐकते. वारा उत्तरेचा, पाणी उत्तरेला निघालेलं, की बोट आडवी-तिडवी होते आणि धूर सगळा बसलेल्या माणसांवर. पेट्रोलची टाकी पण तुमची मागेच असणार. म्हणून भांगाचा (कमी भरती-ओहोटीचा) दिवस धरा, अष्टमीच्या आगेमागे. पाणी मऊ असतं.

भरती कधी ते बघायला अॅप नको. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. हा ढोबळ अंदाज, वेळ बरीच इकडेतिकडे होऊ शकते. आणि सकाळी उरका. दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो.

आडवापाडवा
@वेसावकर दादा, सोनं दिलंत. टाकी मागेच आहे, २५ लिटरची लाल, सुटी.

वेसावकर
सुटी आहे ना, मग ग्रिल लावायच्या आधी तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळा आणि टाकी ग्रिलपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. पेटलेलं असताना पेट्रोल भरायचं नाय, इंजिन चालू करायचं नाय. चालू करायच्या आधी तळाचे कप्पे उघडून हवा खेळू द्या. ब्लोअर (तळातली हवा बाहेर काढणारा पंखा) असेल तर चार-पाच मिनिटं चालवा.

पोपटीप्रेमी
मी अलिबागजवळच्या आक्षीचा. बोटीवर कशाला मरताय, किनाऱ्यावर उतरा की! थंडीत आमच्याकडे पोपटी असते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी, कांदे. मडकं उलटं, वरून जाळ. सासूबाईंसाठी शेंगा-बटाट्याचं वेगळं मडकं. बजेट हजारभर. माझा मामा लावून देईल.

सुगरण_गिरगाव
पोपटीत ओवा घालतात का हो?

पोपटीप्रेमी
ओवा हवाच. आणि जाडं मीठ. डिसेंबरात शेंगा कोवळ्या असतात, जानेवारीत भरतात, तेव्हा या.

कार्ट्रिजवाला
एवढं सगळं वाचून आश्चर्य वाटलं. मी पोर्टेबल शेगडी वापरतो, स्प्रेसारखा ब्युटेनचा डबा आत बसतो, वर छोटी ग्रिल प्लेट. दोन-सव्वादोन हजार. सपाट असते, डगमगत नाही. आजवर काही झालेलं नाही.

निवृत्त_इंजिनरूम
'आजवर काही झालं नाही' हे वाक्य मी चौकशी समित्यांसमोर फार ऐकलंय. ब्युटेन एलपीजीपेक्षा हलका नाही, तोही तळातच जातो. या शेगड्यांचा खरा धोका वेगळाच आहे. शेगडीपेक्षा मोठा तवा ठेवला की तो डब्यावर जातो, उष्णता परत फेकली जाते आणि डबा फुटतो. वारा लागतो म्हणून भोवती फॉइल किंवा पत्रा लावला तरी तेच. शिवाय डबे पत्र्याचे, बोटीवर ठेवले की खाली गोल कडेला गंज धरतो आणि तिथूनच गळतात. जितके लागतील तितके न्यायचे, उरलेले घरी आणायचे.

जागेबद्दल आणखी एक. जवाहर द्वीप आणि पीर पावच्या आसपास नांगर टाकायचा विचारही करू नका. तेलाचे टँकर लागतात तिथे. जवाहर द्वीपावर ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून डिझेलची टाकी पेटली होती, विझायला दिवस लागले. तुमचा धूर बघून गस्तीची बोट आली तर बांगडा तुम्हाला मिळणार नाही.

हौशी_दर्यावर्दी
हाच फोटो टाकायचा होता, साइज मोठी दाखवतंय. मॉडरेटर मदत करा.

ठिणगी
आग विझवायचं कुणीच बोललं नाही! दोन किलोचा एबीसी पावडरवाला अग्निशामक, आयएसआय, काटा हिरव्यात असलेला. आम्हाला बाराशेला पडला. एक नाही, दोन घ्या. एक सुकाणापाशी आणि एक नाळेकडे. ग्रिलच्या मागे टांगलात तर आग ओलांडून तो काढणार कोण? फायर ब्लँकेट पण घ्या. माशाच्या तेलाने भडका उडाला तर पाणी अजिबात नाही मारायचं, झाकण लावायचं आणि गॅस बंद. पावडर मात्र इंजिनात गेली की सगळं गंजवते, आमचं वायरिंग बदलावं लागलं.

शंकासुर
म्हणजे विझवणारा आगीपेक्षा महाग.

ठिणगी
बोट तरी राहिली.

कोळसाभक्त
कोळशाला सगळेच शिव्या घालतायत म्हणून. कोळसा बिल्जमध्ये गळत नाही, स्फोट होत नाही. झाकणाची छोटी शेगडी, खाली वाळूचा ट्रे, शेजारी पाण्याची बादली. चव तर विचारूच नका. गॅसवर भाजलेला बांगडा म्हणजे वाफवलेला बांगडा.

निवृत्त_इंजिनरूम
चवीबाबत हरकत नाही. पण निखारा तासन् तास जिवंत असतो. गॅसची कळ फिरवता येते, कोळशाची नाही. वारा उठला आणि निघायचं ठरलं तर पेटती शेगडी घेऊन निघणार? पाणी ओतलंत तर वाफेसकट राख तोंडावर येते. आणि मुलांना गार वाटतंय म्हणून शेगडी खाली केबिनमध्ये कुणी नेऊ नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

पोपटीप्रेमी
म्हणून म्हणतो, किनारा.

आडवापाडवा
सगळ्यांचे मनापासून आभार, धागा वाचनखुणांत साठवलाय. काल तिघे बसलो. रेलिंगचं ग्रिल परवडत नाही, छोटूसाठी भोकाचं खोकं बनवून घ्यायचं तर फॅब्रिकेटर बजेट खाऊन टाकतो. कोळशाला बायकोचा नकार. पोपटीला माझा, कारण मग बोट कशाला घेतली?

तर कार्ट्रिजवाली शेगडी घेतोय. रागावू नका काका. प्लेट शेगडीपेक्षा लहान घेतलीय, फॉइल लावणार नाही, डबे फक्त दोन. पैसे वाचले त्यात दोन एबीसी आणि ब्लँकेट. शेगडी मागे नाही, मधल्या मोकळ्या डेकवर लाकडी पाटावर बांधून, छत गुंडाळून. टाकी मागे, शेगडीपासून दहा-बारा फूट राहील.

निवृत्त_इंजिनरूम
मधला डेक कॉकपिटपेक्षा उंच आहे का? गळालेला गॅस कुठे वाहणार ते आधी बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी बाहेर गेलं तर ठीक. आत गेलं तर पाट नाळेवर हलवा. डबा बदलताना बोटीवर कुणाच्याही हातात सिगारेट नको. पोरांनी लाइफ जॅकेट शेगडीपाशी काढायची नाहीत, फक्त अंतर ठेवायचं. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ टाकून ठेवा, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६.

कार्ट्रिजवाला
शेवटी माझंच ऐकलं 😄

आडवापाडवा
नंबर सेव्ह केला. पाण्याची चाचणी शनिवारी.

वेसावकर
शनिवारी कोणती तिथी आहे बघा. आणि बांगडे कुलाब्यात महाग घेऊ नका, ससून डॉकला पहाटे जा, बर्फ पण तिथेच मिळेल.

सुगरण_गिरगाव
कोलंबीला लिंबू भाजायच्या आधी दहा मिनिटं लावा, रात्रभर मुरवलीत तर रबर होईल. पनीरची जाळी मात्र खरंच वेगळी ठेवा, सासूबाईंना वास लगेच कळतो.