मदत हवी आहे: आरजीबी आणि सीएमवायके फाइलमध्ये स्पॉट कलर सारखा कसा ठेवायचा?

नमस्कार मंडळी. मसाल्याच्या एका ब्रँडचं काम इलस्ट्रेटरमध्ये करतोय. लोगोचा केशरी म्हणजे पॅन्टोनच्या ठरावीक रंगसूचीतला ऑरेंज 021 सी. पाऊच स्पॉट शाईत (म्हणजे आधीच मिसळलेल्या त्या एकाच रंगाच्या शाईत) छापायचे आहेत, पत्रकं चार रंगांत ऑफसेटवर आणि वेबसाइटसाठी पीएनजी.

लोगो आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या) फाइलमधून सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) फाइलमध्ये पेस्ट केला की केशरी एकदम मळकट, विटकरीकडे झुकलेला दिसतो. हा रंग सीएमवायकेच्या आवाक्याबाहेरचा आहे, त्यामुळे पत्रकात तो थोडा मंद होणार हे मान्य. पण पाऊचच्या फाइलमध्ये स्वॉच (साठवलेला रंग) स्पॉटच आहे, सेपरेशन प्रिव्ह्यूत (शाईनिहाय प्लेटा दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये) त्याची वेगळी प्लेट दिसते, मग स्क्रीनवर फरक का? ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू (छापल्यावर शाई कशी दिसेल ते दाखवणारा पर्याय) चालू केला की रंग बराच सुधारतो. म्हणजे छपाईची चिंता नाही, पण क्लायंटला मंजुरीसाठी पीडीएफ पाठवायची आहे आणि तो मोबाइलवरच बघणार!

शिवाय एका जुन्या फाइलमध्ये त्याच नावाचा स्वॉच सीएमवायके आकड्यांवर बांधलेला आहे. पेस्ट करताना 'स्वॉच कॉन्फ्लिक्ट' येतं. तिथे मर्ज करावं की वेगळा ठेवावा? मर्ज केल्यावर कोणाची व्याख्या टिकते?

स्वॉच पॅनेलच्या मेनूतल्या 'स्पॉट कलर्स'मध्ये लॅब व्हॅल्यू (स्क्रीन किंवा छपाईयंत्रावर अवलंबून नसलेले रंगाचे आकडे) निवडून सगळ्या फाइल त्यावरच आणाव्यात असं मला वाटतं. कोणी असं केलंय का? आणि वेबसाठी सॉफ्टवेअरचं रूपांतर घेता, की थेट आरजीबी 254, 80, 0 टाकता? पॅकेजिंगवाल्यांनी जरूर सांगा, फाइल लवकरच प्लेटला जायची आहे.