मे महिन्याची सुट्टी आणि मुलांचा मोबाईल: तुमच्या घरी काय चालतं?

म्हापसा
आमचा मुलगा नऊ वर्षांचा. सुट्टी पडून आठवडा झाला आणि दात घासायच्या आधी मोबाईल मागतो. आम्ही दोघं नोकरीला, घरी सासूबाई; त्यांना तो दाद देत नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2021 च्या सूचना सांगतात, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांहून कमी स्क्रीन. आमच्याकडे पाच होतात. काल काढून घेतला तर दाराआड बसून रडला, मलाही रडू आलं. तुमचे अनुभव सांगा, फसलेलेसुद्धा.

फोंडा
मी दोघांना सावईवेऱ्याला आईकडे ठेवते. कुळागरात, म्हणजे घरच्या बागायतीत, भिरंडं (कोकमाची फळं) पिकलेली असतात. आई फळं फोडते, मुलं बिया नि साली वेगळ्या करतात. साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, परत बुडवायच्या; सोलं (आमसुलं) काळी होईपर्यंत रोज हेच. आभाळ भरून आलं की सुपं उचलून आत धाव. एका दुपारी मुलीने मोबाईलसाठी हात पुढे केला, तर बोटं लालभडक आणि चिकट. आई म्हणाली, "आधी हात धू गो." ती धुवायला गेली आणि परत सोलांपाशीच येऊन बसली. रात्री मात्र आठवण येतेच. तेव्हा अर्धा तास देते, कटकट न करता.

पणजी
कुळागर सगळ्यांच्या नशिबी नसतं. आम्ही फ्लॅटमध्ये. ऑफिस सुटल्यावर मुलाला पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात, मुलांच्या विभागात नेते. दोन दिवस नुसती पानं उलटत बसला, तिसऱ्या दिवशी उठेना. दुपारचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

डिचोली
मुलगा चौदा वर्षांचा. आम्ही वायफाय बंद केलं, त्याने शेजारचा पासवर्ड मिळवला. मोबाईलपेक्षा तो खोटं बोलायला लागला याचं दुःख जास्त झालं. मग शांतपणे बोललो. त्याचं म्हणणं होतं, चालू गेम मध्येच तोडू नका. बरोबरच होतं ते. आता गेम संपला की ठेवतो. फॅमिली लिंकवर (मुलांच्या फोनची वेळ ठरवायचं गुगलचं ॲप) रात्री दहाची वेळ त्याला शेजारी बसवूनच लावली. धाकटीच्या यूट्यूबवर पुढचा व्हिडिओ आपोआप लागायचा, तेवढं बंद केलं. एक संपला की ती क्षणभर मान वर करते, तेव्हाच हाक मारायची. हे खरंच उपयोगी पडलं.

वास्को
मी आजोबा. नात म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण जेवताना बघता." त्या दिवसापासून जेवायला बसताना सगळ्यांचे फोन फ्रीजवर, माझा सगळ्यात आधी.

म्हापसा
मनापासून आभार. आज ओरडले नाही. त्यालाच विचारलं, मोबाईल कधी हवा? म्हणाला, "चार ते पाच. तेव्हा ऊन असतं ना, खाली खेळायला कोणीच येत नाही." हे मला ठाऊकच नव्हतं. चार ते पाच कबूल केलं. सासूबाईंनी कपाटातून काजूच्या बियांची पिशवी काढून ठेवली आहे, उद्या सकाळी अंगणात गोल आखून त्याला बिया मारायला शिकवणार आहेत.