होणाऱ्या बायकोसाठी कवितांची हस्तलिखित वही: शाई, बांधणी आणि एका जुन्या कवितेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तीन महिन्यांनी लग्न आहे. तिला आजवर न दाखवलेल्या माझ्या ३४ कविता स्वतःच्या हाताने एका वहीत उतरवून लग्नाआधी द्यायच्या, असं ठरवलंय. टाइप करून छापून घे, असं कृपया सांगू नका. माझं अक्षर काही मोत्यासारखं नाही, पण तिच्या ओळखीचं आहे.

अकरा पानं झाली आणि पेल्याचं पाणी सांडलं. फाउंटन पेनची निळी शाई, चार ओळी अक्षरशः वाहून गेल्या (हा शब्द इतक्या खऱ्या अर्थाने कधी वापरला नव्हता). शिवाय कागद पातळ, पाठपोट लिहिलं की मागे उमटतं.

म्हणून आता सुटे कागद लिहून शेवटी शिवायचा विचार आहे. चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की १६ पानांचा फर्मा होतो, असे तीन पुरतील. गोची अशी, की सगळ्यात बाहेरच्या कागदावर १, २, १५ आणि १६ ही पानं येतात. एक कविता बिघडली की चारही पानं पुन्हा लिहा! यावर काही उपाय?

आणि खरं अडलंय ते इथे. ३४ पैकी एक कविता ती भेटण्याआधीची आहे, दुसऱ्या कुणावर केलेली. नेमकी तीच सगळ्यांत चांगली जमलीय. घालू का?

प्रतिसाद १: पिगमेंट शाई (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) घ्या. साधी निळी बहुधा डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असते. पाण्याने पसरते, उजेडाने विटते. पिगमेंटची वाळली की सहसा हलत नाही. फक्त पेन भरून आठवडाभर ठेवू नका, आत सुकली तर निब चोंदते. कागद अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला), वजनाने १०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. आधी कच्ची वही दुमडून त्यावर पानांचे आकडे टाका आणि बाहेरच्या कागदांवर छोट्या कविता घ्या. फाटलं तर सेलोटेप नको, पिवळी पडते.

प्रतिसाद २: कविता घालायची तर खालच्या तारखेसकट घाला. तारीख गाळणार असाल तर कविताही गाळा. ती विचारणारच.

धागाकर्ता: आभार! पिगमेंट शाईने लिहून दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाणी शिंपडलं, जागची हलली नाही. त्या कवितेचं अजून ठरत नाहीये. आधी बाकीच्या ३३ लिहून काढतो.