रेडिएशनमुळे तोंड आलंय, जेष्ठमधाच्या गुळण्या चालतील का?

बाबांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आता शेक चालू आहेत, आठवड्यातून पाच. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड पार सोलवटलंय. पेजसुद्धा गार करून, गाळून द्यावी लागते. मिठाचा कण जास्त पडला तरी डोळ्यांत पाणी. तोंड बधिर करायचं औषध दिलंय, ते जेमतेम जेवणापुरतं पुरतं.

सल्ल्यांना तोटा नाही. आत्या म्हणते जाईचा पाला चावायला द्या. मामींचा टाकणखार-मध, शेजारच्या काकांचं तुरटीचं पाणी. ओळखीचे वैद्य जेष्ठमधाचा काढा गार करून तोंडात धरायला सांगतात, ते त्यातल्या त्यात पटतंय. ओपीडीत विचारलं तर "बाहेरचं काही नको", पुढचा नंबर! बाबांना शुगर आहे, म्हणून मधाला हात लावलेला नाही. कुणाचा अनुभव?

प्रतिसाद: मी दंतवैद्य आहे. पाला, तुरटी, टाकणखार तिन्ही बाद. एरवी तोंड येतं तेव्हा एखाददुसरा फोड असतो, इथे अख्खं अस्तर गेलेलं असतं. पाला खरचटतो, तुरटी झोंबते, टाकणखार पोटात गेला तर विषारी. आधी साध्या गुळण्या नेमाने करा: पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ. जेवल्यावर आणि जागेपणी दर दोन-तीन तासांनी. अल्कोहोलवालं माउथवॉश बंद. कवळी असेल तर काढून ठेवा.

जेष्ठमध, हळद, कॅमोमाइल यांवर अभ्यास झालेत, काहींत आराम दिसलाय. पण ते छोटे, आणि प्रत्येकाचं प्रमाण निराळं. करायचंच तर रेडिएशनच्या डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. काढा रोज ताजा, फडक्यातून गाळलेला, आणि थुंकायचा. जेष्ठमध पोटात जात राहिलं तर बीपी वाढतं. केमोही चालू असेल आणि पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर घरचा काढा नकोच. मधाला २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत जागा आहे, पण शुगर आणि कोरड्या तोंडात किडणारे दात बघता तुमचं बरोबर आहे. बेंझिडामाइन (दुखणं आणि सूज कमी करणारं औषध) याच्या गुळण्यांबद्दलही विचारा.

पांढरे चट्टे म्हणजे बुरशीही असू शकते, तिला वेगळं औषध लागतं. ताप आला किंवा पाणीही उतरेना तर त्याच दिवशी दाखवा.

धागाकर्ती: खूप आभार. कवळी आहे, काढते. केमो नाही. सोडा म्हणजे इनो चालेल का? घरात तेच आहे.

प्रतिसाद: इनो नको, त्यात सायट्रिक ॲसिड असतं, झोंबेल. वाण्याकडचा खायचा सोडा आणा.